हात पोचत नाही तिथे!

दोस्तांनो, भरधाव चाललेल्या बोटीचं इंजिन मध्येच बंद पडलं तर काय होईल? "बोट थांबेल, दुसरं काय!" असं म्हणाल तुम्ही. साध्या मोटारबोटीला मागे सुकाणू असतं. इंजिन थांबलं, तरी वेग आहे तोवर ते सुकाणू बोट थोडीफार वळवतं. पण जेट बोटीला सुकाणूच नसतं! तिचं इंजिन थांबलं की वळणंही संपलं. मग समोर खडक असो की भोवरा, बोट आपली ओंडक्यासारखी प्रवाहाबरोबर चालली!

असं का बरं? फुगा फुगवून तोंड न बांधता सोडून दिलात, तर हवा मागे सुटते आणि फुगा पुढे पळतो. जेट बोट तशीच पळते. तिच्या तळाला एक जाळी असते. आतला पंप त्या जाळीतून नदीचं पाणी ओढून घेतो आणि मागच्या तोंडातून जोरात बाहेर फेकतो. हा झोत डावी-उजवीकडे वळवला की बोट वळते. म्हणजे झोत आहे तोवरच वळणं आहे. आणि इंजिन चालू आहे तोवरच झोत!

ही बोट यशस्वी करून दाखवली न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी. त्यांचं मेंढ्यांचं मोठं कुरण होतं. आसपासच्या नद्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या. साध्या बोटीचा पंखा तिथे दगडावर आपटायचा. १९५३-५४च्या सुमारास हॅमिल्टन यांनी खाली पंखा नसलेली बोट बनवली. झोत पाण्याच्या खाली न सोडता पातळीच्या जरा वर सोडला, तर बोट जास्त वेगानं जाते, हेही त्यांना उमगलं. १९६० साली अशाच बोटी अमेरिकेच्या ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर चढल्या. आणि १९७७ साली एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी तीन जेट बोटी घेऊन थेट आपल्या गंगेत आले! गंगासागरपासून निघून ते हिमालयात नंदप्रयागजवळच्या धबधब्यापर्यंत पोचले. त्या बोटींची नावं होती 'गंगा', 'एअर इंडिया' आणि 'किवी'.

आता गंमत पाहा. बोटीच्या खाली काही लोंबत नाही, म्हणून ती वीतभर पाण्यातूनही पळते. पण बाहेरची जागा वाचवली, की आतली भरावी लागते! पंप, त्याला फिरवणारा दांडा, मोटारीएवढं इंजिन, धुराचे जाडजूड पाइप, पाण्याच्या नळ्या, पेट्रोलची टाकी... सगळं बोटीच्या अरुंद पोटात दाटीवाटीनं बसवलेलं. बाहेरून सुटसुटीत दिसणारी बोट मेकॅनिकला मात्र घाम फोडते!

उदाहरण म्हणून स्टार्टर घ्या. किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला धक्का देणारी ही छोटी विजेची मोटर. ती बसते इंजिनाच्या अगदी खाली, एका बाजूला. वर धुराचा पाइप, शेजारी बोटीची भिंत, खाली तळात साचलेलं पाणी. त्या ओलीनं तिचे बोल्ट गंजतात. एके दिवशी किल्ली फिरवली, की नुसतं 'टक्' आणि पुढे सामसूम! आडरानातल्या घळईत हे झालं, तर गॅरेज कुठून आणणार?

अशा वेळी चांगला मेकॅनिक पाना उचलत नाही. आधी तो विचार करतो. बॅटरी उतरली असली तरी 'टक्' होतं, तार सैल असली तरी होतं. म्हणून जिथे हात सहज पोचतो, ते आधी तपासायचं. कित्येकदा दुखणं तिथेच सापडतं आणि अवघड जागी शिरावंच लागत नाही!

स्टार्टरच बिघडलाय अशी खात्री झाली, की मग खरं काम. पहिली गोष्ट, झाकण उघडून पेट्रोलची वाफ जाऊ द्यायची. दुसरी, बॅटरीची तार सोडायची. स्टार्टरची जाड तार थेट बॅटरीकडून येते. पाना तिला आणि इंजिनाला एकदम टेकला, तर ठिणगी उडते. बंद जागेत पेट्रोलची वाफ आणि ठिणगी म्हणजे स्फोटच!

यानंतर वाट मोकळी करायची. बाक काढायचा, नळ्या बाजूला करायच्या, गरज पडली तर धुराचा पाइपही उतरवायचा. दोन बोल्टसाठी एवढा खटाटोप? हो! पाइप न काढता हात कोंबून पाहण्यात दिवस जातो, बोटं सोलून निघतात आणि बोल्टचे आटे जातात ते वेगळंच. काढलेल्या प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधायची, नाहीतर परत लावताना अंधारात चाचपडावं लागतं.

तरीही बोल्ट दिसत नसेल तर? मग आरसा आणि टॉर्च. सॉकेट पान्याला लांब दांडा जोडायचा, मध्ये कोणत्याही कोनात वळणारा सांधा घालायचा. खाली फडकं अंथरायचं, म्हणजे बोल्ट निसटला तरी तळाच्या पाण्यात गडप होत नाही. शेवटचा बोल्ट सोडण्याआधी स्टार्टरला आधार द्यायचा. जड असतो तो, बोटांवर पडला तर कळ मस्तकात जाते! नवा बसवताना बोल्टचे पहिले दोन-तीन आटे पान्यानं नाही, बोटांनी फिरवायचे. तिरका बसलेला बोल्ट बोटांना लगेच कळतो. पान्याला कळत नाही, तो नुसता जोर लावतो.

आणि हो, मोटारगाडीचा स्वस्त स्टार्टर तस्साच दिसतो, पण तो बोटीत बसवायचा नाही. बोटीचा स्टार्टर असा बंदिस्त केलेला असतो, की आतल्या ठिणगीनं बाहेरची वाफ पेटू नये. दिसायला जुळे भाऊ, पण एक घात करणारा!

हे काम मोठ्यांचं आहे, तुम्ही ते फक्त पाहायचं बरं का! पण एक प्रयोग घरी करता येईल. बुटांच्या रिकाम्या खोक्याच्या एका बाजूला हात जाईल एवढं भोक पाडा. समोरच्या बाजूतून एक बोल्ट आत खुपसा. आता भोकातून हात घालून आतल्या टोकावर नट बसवा. आधी झाकण बाजूला करून, छोट्या आरशात बघत बघत. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, तेव्हा जरा गोंधळ उडेल! मग झाकण लावून, डोळे मिटून, नुसत्या बोटांनी. दोन्ही वेळी घड्याळ लावा. डोळे जिंकतात की बोटं? बघा तर खरं!