मसाल्याचा डबा आणि लेकुरवाळे घर : एक मात्राविचार

वैद्याच्या दवाखान्यात काय किंवा औषधालयाच्या काउंटरवर काय, तरुण मातापित्यांकडून अलीकडे वारंवार येणारे प्रश्न ठराविक आहेत. बाळाच्या वरणात हिंग केव्हापासून घालावा? सहाणेवर जायफळ किती वळसे उगाळावे? हळदीचे दूध रोज द्यावे काय? ओव्याची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात बांधली तर चालेल ना? पूर्वी या प्रश्नांची उत्तरे घरातील आजी किंवा सासूबाई देत असत. आज घरे लहान झाली, नोकरीनिमित्त गावे बदलली, आणि हे प्रश्न आपल्याकडे आले. तेव्हा त्यांची उत्तरे शास्त्राला धरून, आधुनिक ज्ञानाशी पडताळून आणि मोजक्या शब्दांत देता येणे हे आपले कर्तव्य ठरते. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

अन्नातील द्रव्य आणि औषधातील द्रव्य

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात आहारद्रव्यांचे बारा वर्ग सांगितले आहेत. त्यांतील शेवटचा आहारयोगी वर्ग. तेल, सुंठ, पिंपळी, मिरी, हिंग, विविध लवणे, जिरे, ओवा, धने ही सारी मंडळी तेथे एकत्र भेटतात. आजच्या मसाल्याच्या डब्याचा पूर्वजच तो. हिंग्वाष्टक चूर्णातील सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा, सैंधव, जिरे, शहाजिरे आणि हिंग ही आठ द्रव्ये पाहिली तर त्यांतील बहुतेक सर्व घरातल्या डब्यात सापडतात. साहजिकच गृहिणीस वाटते की, जे रोज खातो ते थोडे अधिक दिल्याने काय बिघडणार?

येथेच विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायातील आठ आहारविधिविशेषायतनांचे स्मरण करावे लागते. प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. लेकुरवाळ्या घरापुरते बोलावयाचे तर यांपैकी राशी, करण आणि उपयोक्ता ही तीन विशेष महत्त्वाची. त्याच अध्यायात पिंपळी, क्षार आणि लवण यांचा अतिवापर टाळण्यास सांगितले आहे. या तिन्ही वस्तू निषिद्ध नाहीत, तरीही त्यांच्या अतियोगाबद्दल बजावावे लागले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

राशीचे एक साधे गणित पाहू. चार माणसांच्या भाजीत अर्धा लहान चमचा, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम हळद पडते. प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी येते. हरिद्रा चूर्णाची प्रौढाची औषधी मात्रा १ ते ३ ग्रॅम आहे. म्हणजे भाजीतील हळद हे अन्न, चमचाभर चूर्ण हे औषध, आणि हळदीच्या सत्त्वाच्या गोळ्या ही तर तिसरीच गोष्ट. अशा सत्त्वयुक्त गोळ्यांनी यकृतास इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदली गेली आहेत; त्यांत मिरीचे सत्त्व मिसळलेले असल्यास शोषण आणखी वाढते. "हळदच तर आहे" हे उत्तर म्हणूनच अपुरे आहे.

फोडणी हा संस्कार होय

करण म्हणजे संस्कार. आपल्या स्वयंपाकातील फोडणी हे त्याचे उत्तम उदाहरण. हळदीतील पिवळे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्नेहात विरघळते. जिऱ्याचा आणि ओव्याचा सुगंधही तेलातुपात उतरतो. मोहरीचे उदाहरण तर फारच बोलके आहे. मोहरी वाटून पाण्यात फेसली की तिचा झणझणीतपणा नाकाला झोंबतो. लोणच्यात आणि रायत्यात तो हवाच असतो. तीच मोहरी अख्खी कडकडीत तेलात तडतडली तर सौम्य व खमंग लागते. कारण झणझणीतपणा निर्माण करणारे तिच्यातील पाचक द्रव्य उष्णतेने नष्ट होते. द्रव्य एकच, संस्कार भिन्न, म्हणून गुणही भिन्न. अम्लपित्ताच्या रुग्णास मोहरी सरसकट वर्ज्य सांगण्याऐवजी फेसलेली वर्ज्य आणि फोडणीतील अल्प प्रमाणात चालेल, असे सांगता येते.

हिंगाविषयी औषधविक्रेत्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. किराणा दुकानातील डबीतला हिंग हा बांधणीचा हिंग असतो. मूळ निर्यासात गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ आणि खाण्याचा डिंक मिसळून तो तयार करतात. स्वयंपाकास तो उत्तम. परंतु १२५ ते ५०० मिलिग्रॅम ही औषधी मात्रा मूळ हिंगाची आहे, बांधणीच्या हिंगाची नव्हे. शिवाय ज्यांना गहू सोसत नाही अशा रुग्णांनी डबीवरील घटक वाचल्याखेरीज तो वापरू नये. हा निर्यास आजवर मुख्यतः अफगाणिस्तान, इराण व उझबेकिस्तान येथून येत आला आहे. हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात ऑक्टोबर २०२० मध्ये हिंगाची रोपे लावून देशी लागवडीचा प्रयत्न सुरू झाला.

नागकेशराचीही अशीच गोष्ट. गोड्या मसाल्यात पडणारे काळे, देठासारखे नागकेशर आणि औषधात अभिप्रेत असलेले नागचाफ्याचे पुंकेसर या एक वस्तू नव्हेत. दोन्हींना बाजारात एकच नाव असल्याने अदलाबदल सहज होते. औषधालयात या दोन बरण्या वेगळ्या असाव्यात आणि त्यांवर ठळक चिठ्ठी असावी.

बाळाच्या ताटात काय आणि केव्हा

उपयोक्ता बदलला की नियम बदलतो. पहिले सहा महिने बाळास केवळ मातेचे दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निर्देश सर्वपरिचित आहे. सहाव्या महिन्यात लघु व हितकर अन्न सुरू करावे, हे सुश्रुताचे मत त्याच्याशी जुळते. काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फलप्राशन आणि दहाव्या महिन्यात अन्नप्राशन सांगितले आहे. घरी विचारणा झाल्यास पुढील क्रम सांगता येईल.

सहा महिन्यांनंतर मऊ भात, मुगाचे वरण, नाचणीचे सत्त्व. यांत साजूक तुपात परतलेली चिमूटभर जिरेपूड, किंचित हळद, नखावर मावेल इतका हिंग पुरेसा. एक वर्षापर्यंत वरून मीठ घालण्याची गरज नसते. साखर व गूळ दोन वर्षांपर्यंत टाळणे श्रेयस्कर. तिखट एक वर्षानंतर, तेही नावापुरते. मोहरी, मिरी, लवंग अख्खी राहू नये. ती घशात अडकण्याचा धोका असतो.

मधाविषयी मात्र निःसंदिग्ध बोलावयास हवे. एक वर्षाखालील बाळास मध देऊ नये. मधात असू शकणारे एका जिवाणूचे बीजाणू मोठ्या माणसाच्या आतड्यात निरुपद्रवी ठरतात. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष निर्माण करतात व बाळ शिथिल होते, गिळणे आणि श्वास घेणे अवघड होते. घरगुती गरम करण्याने हे बीजाणू मरत नाहीत. प्राचीन लेहनविधीत मध आहे, हे खरे. तथापि आज उपलब्ध असलेल्या ज्ञानाच्या प्रकाशात मधाऐवजी दुसरे अनुपान योजणे हा शास्त्राचा अवमान नव्हे.

बाळगुटीबद्दलही तसेच. मुरुडशेंग, वेखंड, जायफळ, हळकुंड, सुंठ, बाळहिरडा, अतिविष इत्यादींची ही पुडी औषधच आहे, अन्न नव्हे. वळसे मोजण्याची जुनी पद्धत ही मात्रेचीच पद्धत होती. पण सहाणेचा खडबडीतपणा, हाताचा जोर आणि काष्ठाचा जुनेपणा यांनी ती बदलते. बाळ झोपावे म्हणून जायफळ वाढविणे धोक्याचे आहे, कारण अतिमात्रेत ते ग्लानी आणते. वेखंडातील एका घटकामुळे अमेरिकेत १९६८ पासून खाद्यपदार्थांत त्याच्या वापरास बंदी आहे. म्हणून वैद्याने बाळास पाहिल्याखेरीज गुटी देऊ नये, आणि औषधविक्रेत्याने ती नुसती मागितली म्हणून पुढे करू नये.

शुद्धतेची परीक्षा

मात्रा कितीही बिनचूक असली तरी द्रव्य अशुद्ध असेल तर सारे व्यर्थ. बांगलादेशात गरोदर स्त्रियांच्या रक्तातील शिशाचा शोध घेता घेता संशोधक हळदीपर्यंत पोहोचले. हळकुंडांना तेजस्वी पिवळेपणा यावा म्हणून घासताना त्यांना शिशाचे क्रोमेट लावले जात असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे तपासणी, दंड व लोकजागृती यांमुळे २०२१ पर्यंत तेथील बाजारातून ही भेसळ जवळजवळ नाहीशी झाली. शिसे वाढत्या मुलांच्या मेंदूस कायमची हानी पोहोचविते, म्हणून लेकुरवाळ्या घरासाठी हा विषय फार गंभीर आहे.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने घरगुती परीक्षा सांगितल्या आहेत. पेलाभर पाण्यात चमचाभर हळदपूड टाकावी. शुद्ध पूड फिकट पिवळा रंग देऊन तळाशी बसते. पाणी गर्द पिवळे झाले तर कृत्रिम रंगाची शंका घ्यावी. अख्खे हळकुंड पाण्यात टाकल्यास शुद्ध हळकुंड रंग सोडत नाही; लेप दिलेले असल्यास लगेच रंग सुटतो. या परीक्षा केवळ चाळणीसारख्या आहेत, खात्रीचा निर्वाळा प्रयोगशाळाच देते, हेही ग्राहकास सांगावे. फार चकचकीत हळकुंडापेक्षा मळकट दिसणारे बरे. सांगलीच्या व वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीस भौगोलिक मानांकन आहे. माहीतगार शेतकऱ्याकडून वर्षाची हळद घेऊन ती दळून आणण्याची जुनी रीत आजही उत्तमच.

हातांना काम, मुलांना ओळख

मसाल्याचा डबा हे मुलांचे पहिले निघंटु होऊ शकते. त्यासाठी काही सोप्या गोष्टी घरी करता येतात.

हळदीचा कागद : टीपकागदावर हळदीची पातळ पेस्ट लावून वाळवावा. त्यावर साबणाच्या पाण्याने काडीने चित्र काढले की रेघा लाल उमटतात. लिंबाचा रस लावला की पुन्हा पिवळ्या होतात. हळदीवर क्षाराची क्रिया करून कुंकू कसे बनवीत, हे मुलास यातून समजते.

वासाचा खेळ : लहान डब्यांच्या झाकणांना भोके पाडून त्यांत जिरे, ओवा, धने, बडीशेप, दालचिनी ठेवावी. डोळे मिटून वासावरून नाव ओळखावयाचे. तिखट व मिरपूड यात नको.

करवंटीतील बाग : नारळाच्या करवंटीस तळाशी भोक पाडून मातीत मेथी पेरावी. दोन-तीन दिवसांत कोंब येतात. धने पेरताना ते हलकेच रगडून दोन भाग करावेत, म्हणजे लवकर रुजतात.

काही घरगुती कलाकृतींबाबत मात्र सावध करावयास हवे. मोहरीची उशी प्रेमाने शिवली जाते. परंतु एक वर्षापर्यंत बाळास सपाट व मोकळ्या अंथरुणावर उताणे झोपवावे, उशी नसावी. ती मोहरी वापरून तीन वर्षांवरील मुलांसाठी झेलाझेलीच्या छोट्या पिशव्या, दुहेरी शिवण घालून, शिवता येतील. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक देताना ती आधी स्वतःच्या मनगटाच्या आतील बाजूस लावून पाहावी. गळ्यात कधीही बांधू नये आणि तीत कापूर घालू नये, कारण थोडासा कापूर पोटात गेला तरी लहान मुलास झटके येऊ शकतात. काजळ बाळाच्या डोळ्यांत घालू नये. बोटाने जंतुसंसर्ग होतो आणि बाजारातील काही सुरम्या-काजळांत शिसे आढळले आहे. दृष्टीची तीट लावावयाचीच असेल तर कानामागे किंवा तळपायावर लावावी.

आपले कर्तव्य

वैद्यबंधु-भगिनींनी व औषधालयचालकांनी एक छोटी सूचना मनावर घ्यावी. वर सांगितलेल्या गोष्टी मोठ्या अक्षरांत, सोप्या मराठीत एका पानावर छापून घ्याव्यात : एक वर्षाआत मध नाही, वैद्यास दाखविल्याशिवाय गुटी नाही, गळ्यात पुरचुंडी नाही, डोळ्यांत काजळ नाही, आणि हळद, जिरे, हिंग मात्र बाळाच्या वयाप्रमाणे आनंदाने. बाळंतिणीसाठी अळीव-डिंक घ्यावयास आलेल्या प्रत्येकाच्या पिशवीत हे पान घालावे. खर्च नगण्य आहे.

स्वयंपाकघराने आयुर्वेद शतकानुशतके जपला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या स्वयंपाकघरात आज प्रश्न विचारणारी तरुण आई आपल्याकडे विश्वासाने पाहते आहे. तिला स्तुतिपर वचने नकोत. काय, किती, कोणास आणि केव्हा, इतकेच नेमके हवे आहे. ते तिला मिळाले तर बाळाचे रक्षण होईल आणि शास्त्राचा मानही राहील.