मावेल तेवढा मैदा

ठाण्याहून भिवंडीकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यावर, कशेळीच्या पुलाच्या अलीकडे बाळकुम लागते. गाव आगरी वस्तीचे, एके काळी भातखाचरांचे, आता टॉवरांचे. भाताच्या मुलखात धान्य तोलण्याआधी मापले जाई. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. ती शिगोशीग भरायची की काठावरून हात फिरवून सपाट करायची, यावर भांडणे होत, आणि ती उगाच नव्हती. तुसाचे भात एकमेकांत अडकून उंच शीग धरते, मोहरी काठावरून घरंगळते. शिवाय पायली गावागणिक वेगळी. १९५६च्या वजन-मापे कायद्यानंतर किलो आला, तेव्हा तोलाच्या ८० तोळ्यांच्या शेराचे सुमारे ९३३ ग्रॅम सहज झाले. मापाच्या शेराचे मात्र, तो कोणत्या धान्याचा हे विचारल्याशिवाय ग्रॅम होत नाहीत. दुकानातून पायली गेली, तरी हा प्रश्न स्वयंपाकघरात वाटीच्या रूपाने उरला.

हल्ली हौसेने ‘एक वाटी म्हणजे इतके ग्रॅम’ असे तक्ते फ्रिजवर चिकटवले जातात. माझ्या मते त्यात मुळातच गफलत आहे, कारण आपल्याकडे वाटी हे परिमाण नाही, प्रमाण आहे. भाताला एकास दोन पाणी म्हणतो, तेव्हा वाटी चांदीची की स्टीलची, याने काही बिघडत नाही. हेच प्रमाण काट्यावर नेले तर? दीडशे मिलिलिटरच्या वाटीत तांदूळ साधारण १२० ग्रॅम बसतात, दोन वाट्या पाणी ३०० ग्रॅम भरते. म्हणजे वजनाने एकास अडीच. ‘एकास दोन’ तसेच ठेवून दोन्ही तोलले, तर भात फडफडीत नव्हे, कच्चट होईल. उकडीच्या मोदकाला पिठीइतकेच पाणी घेतात, तिथे तर फरक आणखी वाढतो, कारण पिठी तांदळाहून हलकी. तेलाच्या एक लिटरच्या पिशवीवरचे ‘९१० ग्रॅम’ वाचून कुणाला फसल्यासारखे वाटते, त्यामागेही हीच बाब आहे. तापमान बदलले की एका लिटरचे वजनही बदलते. म्हणूनच २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने कंपन्यांना तापमानाचा उल्लेख काढून लिटरसोबत वजनही नीट छापायला सांगितले.

मग काटा नकोच का? हवा, पण जिथे वाटी खोटे बोलते तिथे. शंकरपाळ्यांची जुनी कृती बारकाईने पाहावी: वाटी तूप, वाटी साखर, वाटी दूध आणि ‘मावेल तेवढा मैदा’. तूप, साखर, दूध वाटीत जवळपास दर वेळी सारखेच बसतात, म्हणून ते मापले. मैदा मात्र चाळून अलगद भरला तर त्याच वाटीत पाऊणशे ग्रॅम, दाबून भरला तर शंभराच्या आसपास. चार वाट्यांत जवळजवळ एका वाटीचा घोळ. कृती सांगणाऱ्या बायकांना हे ठाऊक होते. त्यांनी बेभरवशाचा जिन्नस वाटीवर न सोडता हातावर सोडला. याला अंदाजपंचे म्हणणे अन्याय आहे.

यावर आक्षेप येतो की मग हातच पुरे, ग्रॅम कशाला. हात शिकवायला शेजारी कुणी असेल तोवर पुरे. बाराव्या मजल्यावरच्या नव्या घरात, आई दुसऱ्या गावी असताना, ‘मावेल तेवढा’ ऐकून कणकेचा अंदाज येत नाही. बचतगटाने फराळाचा धंदा केला, तर तो किलोने विकला जातो. दर काढायला आणि पाकिटावर निव्वळ वजन छापायला वाटी उपयोगी नाही. दुसरा आक्षेप उलटा: सगळेच तोला, नेमके होईल. पण मैदाही जुना-नवा, कोरडा-दमट असतो. पावसाळ्यात तो ओल धरतो. आकडा जवळ नेतो, शेवटची मूठ हातच ठरवतो.

तक्त्यापेक्षा सोपे काम म्हणजे घरातली वाटी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि ती पाण्याने काठोकाठ भरावी; जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. मग आईच्या वहीत ‘मावेल तेवढा’ न खोडता, शेजारी पेन्सिलीने त्या दिवशी मावलेल्या मैद्याचे ग्रॅम लिहावेत. पुढच्या दिवाळीला आणखी एकदा.