देरिदा कळत नाही, म्हणजे नेमकं काय कळत नाही?

मागच्या व्याख्यानानंतर इंग्रजी विषयात एम.ए. करणारी एक विद्यार्थिनी भेटली. म्हणाली, "सर, देरिदा दोनदा वाचला, काही कळलं नाही. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी कच्चं आहे, म्हणून असेल का?" विषय सोडू का, असं तिनं विचारलं नाही, पण आवाजात ते होतं. मी जाता जाता काहीतरी धीराचं बोललो. खरं उत्तर द्यायचं राहिलं, ते आज देतो.

तिचं इंग्रजी पुरेसं आहे. अडचण वेगळी आहे. एम.ए.च्या सिद्धान्ताच्या पेपरात आपल्या हातात पडतात ती उत्तरं. ज्या प्रश्नांची ती उत्तरं आहेत, ते प्रश्न तत्त्वज्ञानाच्या किंवा भाषाशास्त्राच्या वर्गात राहून गेलेले असतात. मग 'चिन्हक', 'चिन्हित', 'विरचना' हे शब्द पाठ करायचे आणि नेटच्या परीक्षेत जोड्या लावायच्या. मी कुणाला हसत नाही. मी स्वतः अनेक वर्षं 'विरचनेची पाच वैशिष्ट्ये' फळ्यावर लिहून दिली आहेत. मुलांनी ती उतरवून घेतली, पासही झाली.

तर सुरुवात सोस्यूरपासून करू. हा जिनिव्हाचा भाषापंडित मुळात संस्कृतचा अभ्यासक, त्याची डॉक्टरेटच संस्कृतातल्या षष्ठी विभक्तीच्या एका प्रयोगावर. 1907 ते 1911 या काळात त्यानं सामान्य भाषाशास्त्रावर तीन वेळा व्याख्यानमाला दिली. 1913 साली तो वारला आणि 1916 साली ते प्रसिद्ध पुस्तक निघालं, विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून. गंमत म्हणजे ज्या दोघांनी ते संपादित केलं, त्या बाली आणि सेशए यांनी ती व्याख्यानं ऐकलेली नव्हती! आमची व्याख्यानं उतरवून घेणाऱ्या मंडळींनी हे जरूर लक्षात ठेवावं.

सोस्यूरचा प्रश्न साधा होता : शब्दाला त्याचा अर्थ कुठून मिळतो? वस्तूवर चिकटवलेल्या चिठ्ठीसारखा शब्द असतो, असं आपण धरून चालतो. आता आपलीच भाषा घ्या. मराठीत 'आम्ही' आहे आणि 'आपण' आहे. 'आम्ही जेवायला चाललो' म्हटलं की समोरचा घरीच राहतो, 'आपण जेवायला जाऊ' म्हटलं की तो चपला घालतो. इंग्रजीत दोन्हींना मिळून एकच 'वुई'. म्हणजे 'आम्ही' आणि 'वुई' यांचा अर्थ एक नाही, कारण 'आम्ही'च्या शेजारी 'आपण' उभा आहे आणि त्यानं आपली जागा अडवली आहे. तो शेजारी नसता तर 'आम्ही' पसरला असता. हिंदीतला 'कल' बघा, आपले 'काल' आणि 'उद्या' दोन्ही सांभाळतो. शब्दाचं मूल्य शेजाऱ्यांवरून ठरतं, हे सोस्यूरचं म्हणणं. एवढंच.

'एवढंच' म्हटलं खरं, पण हे कळलं की वाचन बदलतं. आपल्या राज्यघटनेच्या मराठी उद्देशिकेची सुरुवात 'आम्ही'नं होते. 'आपण' का नाही? 'आपण' असतं तर आपण एकमेकांशी बोलतोय असं झालं असतं. 'आम्ही' म्हणताच समोर कुणीतरी ऐकणारा उभा राहतो. कोण तो? जग? इतिहास? इंग्रजी मसुद्यात हा प्रश्न दिसतच नाही, मराठीत टाळता येत नाही. इंग्रजी कवितेत 'वुई' आलं की हाच प्रश्न विचारा. मराठी माध्यमातल्या मुलीच्या हातात इथे एक जास्तीचं हत्यार आहे.

इथे कुणीतरी दिङ्नागाचं नाव घेणार, मला ठाऊक आहे. शब्द 'अन्या'ला वगळून अर्थ सांगतो, हा अपोहवाद आपल्याकडे कितीतरी शतकं आधी होता. होता, पण त्याचा प्रश्न दुसरा होता. 'गोत्व' नावाचं सामान्य न मानता एकच 'गाय' शब्द अनेक गायींना कसा लागू पडतो, यावर तो विचार करत होता. उत्तरं सारखी दिसली म्हणून प्रश्न एक होत नाहीत.

आता देरिदा. तो सोस्यूरलाच धरून विचारतो : बाबा रे, अर्थ जर फरकातून येतो, तर तू बोलणं खरं आणि लिहिणं त्याची नुसती नक्कल, असं का मानतोस? जानेवारी 1968 मध्ये पॅरिसला एका व्याख्यानात त्यानं 'फरक' या अर्थाच्या फ्रेंच शब्दातलं एक अक्षर मुद्दाम बदललं. उच्चार तोच राहिला, ऐकणाऱ्यांना बदल कळणं शक्य नव्हतं. तो फक्त कागदावर दिसतो.

हे अवघड वाटतंय? मग घरचा अनुभव सांगतो. 1 मेच्या व्याख्यानात मी म्हणालो, 'आज कामगार दीन आहे.' शब्दांकन करणाऱ्या मुलानं लिहिलं, 'आज कामगार दिन आहे.' त्याची चूक नाही. आपल्या बोलण्यात दोन्ही सारखेच ऐकू येतात, ऱ्हस्व-दीर्घ फक्त लेखणीला माहीत. मग अर्थ माझ्या आवाजात पूर्ण होता का? माझ्या मनात काय होतं हे मला माहीत होतं, पण वाक्य माझ्या हातून सुटलं आणि दोन्हीकडे गेलं. देरिदाचा प्रश्न इथे आहे. 'कशालाच काही अर्थ नसतो' असं तो म्हणतो, ही गाइडातली थाप आहे. अर्थ बोलणाऱ्याच्या मुठीत राहत नाही, आणि तो का राहत नाही हे मजकुरातच बारकाईनं वाचून दाखवता येतं, असा त्याचा दावा. तो पटलाच पाहिजे असं नाही. मलाही सगळा पटत नाही, संदर्भ बराचसा गोंधळ मिटवतो असं मला वाटतं. पण आता निदान भांडण कशावरून आहे ते कळलं.

तेव्हा त्या विद्यार्थिनीला माझं सांगणं : देरिदा तूर्त मिटून ठेव. आधी सोस्यूरची भाषिक मूल्यावरची पानं वाच, आणि समासात मराठीतली स्वतःची उदाहरणं लिही. दहा तरी लिही. मग देरिदाचं सोस्यूरवरचं प्रकरण काढ. 1967चं ते पुस्तक गायत्री स्पिवाक यांच्या 1976च्या इंग्रजी भाषांतरात ग्रंथालयात मिळेल. त्यांची प्रस्तावना लांबलचक आहे, ती शेवटी वाचलीस तरी चालेल. अडलं तर पुढच्या व्याख्यानाला वही घेऊन ये.