वाटाण्याचा अंकुर आणि पन्नास पौंडांचा कॅमेरा

शाळेत छायाचित्रणाचा विषय निघाला की विद्यार्थी एक प्रश्न हमखास विचारतात. फोटो चांगला यायला कॅमेरा भारी लागतो, की काढणारा चांगला लागतो? शिक्षक बहुधा ‘काढणारा’ असे उत्तर देऊन पुढे जातात. उत्तर ऐकायला बरे वाटते, पण विज्ञानाच्या तासाला ते अपुरे आहे. पैशाने नेमके काय विकत मिळते आणि काय मिळत नाही, हे प्रकाशशास्त्राच्या आधारे बऱ्याच काटेकोरपणे सांगता येते. त्यासाठी उदाहरणही घरचेच आहे. मुंबईत हिंदमाताकडून दादर स्टेशनच्या दिशेने निघाले की दादासाहेब फाळके मार्ग लागतो. पूर्वी या रस्त्याला दादर मेन रोड म्हणत. १९१२ साली याच रस्त्यावरच्या घरात धुंडिराज गोविंद फाळके यांनी कुंडीतल्या वाटाण्याचे चित्रण केले. भारतातला पहिला कथाचित्रपट ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा.

हा वाटाणा हौसेपोटी लावलेला नव्हता. फाळके तेव्हा बेचाळिशीत होते. छपाईचा चालता धंदा त्यांनी सोडला होता. सिनेमाच्या वेडात रोज तासन् तास पडद्याकडे पाहून आणि रात्री जागून त्यांची दृष्टी मध्यंतरी जवळजवळ गेली होती, ती उपचारांनी परत आली. विम्याच्या बारा हजारांच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी दहा हजार रुपये उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते इंग्लंडला गेले. तेथे त्यांनी सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील स्टुडिओत चित्रपट कसा तयार होतो ते पाहिले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा पन्नास पौंडांना घेतला, कोऱ्या फिल्मची आणि फिल्मला छिद्रे पाडणाऱ्या यंत्राची मागणी नोंदवली आणि एप्रिलमध्ये ते परतले.

त्या वेळी एक पौंड म्हणजे पंधरा रुपये. म्हणजे कॅमेरा साडेसातशे रुपयांचा, उभ्या केलेल्या रकमेच्या तेराव्या हिश्श्याइतका. चित्रपट काढायला आणखी भांडवल लागणार होते, आणि नुसता कॅमेरा दाखवून कोणी कर्ज देत नाही. म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोपाची महिनाभराची वाढ मिनिटभराच्या चित्रफितीत बसवली. ‘अंकुराची वाढ’ ही ती फीत. निवडक मंडळींना ती दाखवल्यावर यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज देऊ केले. ही फीत फसती तर ‘हरिश्चंद्र’ बहुधा कागदावरच राहिला असता.

आता थोडे गणित करू. फाळके रोज एक चित्र घेत, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. त्या काळी सेकंदाला साधारण १६ चित्रे पडद्यावरून सरकत. रोज एक याप्रमाणे महिन्यात ३० चित्रे होतील, आणि ती दोन सेकंदांच्या आतच संपतील. मिनिटभराच्या फितीला १६ गुणिले ६०, म्हणजे ९६० चित्रे हवीत. ती तीस दिवसांत वाटली तर दिवसाला ३२ होतात. रात्रंदिवस काम केले तरी दर पाऊण तासाला एक, आणि फक्त दिवसाउजेडी केले तर दर बावीस-तेवीस मिनिटांना एक. विद्यार्थ्यांकडून हा हिशेब जरूर करून घ्यावा. छापलेल्या वाक्याला गणिताची फूटपट्टी लावण्याची सवय त्यातून लागते. शिवाय या फितीमागे यंत्रापेक्षा माणसाची किती पाळी-पहारा गेली असेल, तेही कळते.

अशी फीत जगात पहिलीच होती असे मात्र नाही. जर्मनीत फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वनस्पतींच्या हालचालींचे असे चित्रण केले होते, आणि इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांची उमलत्या फुलांची फीत १९१० सालची. त्याच्याही आधी चार्ल्स डार्विन यांनी मुलगा फ्रान्सिसच्या मदतीने कॅमेऱ्याशिवायच हे काम केले. रोपाजवळ काच ठेवायची, शेंड्याची जागा ठरावीक वेळाने काचेवर ठिपक्याने नोंदवायची आणि मग ठिपके जोडायचे. शेंडा सरळ वर न जाता वेटोळे घेत वाढतो, हे त्या रेघांवरून दिसले. तिथे उपकरण होते काच, शाई आणि चिकाटी.

वाटाण्याचे रोप साध्या कॅमेऱ्याला का पेलले, याचे कारण प्रकाशात आहे. चित्र उमटायला फिल्मवर ठरावीक प्रकाश पडावा लागतो. तो दोन गोष्टींवर ठरतो: भिंगाचे छिद्र किती मोठे आणि झडप किती वेळ उघडी. कॅमेऱ्यावर २.८, ४, ५.६, ८ असे आकडे असतात. नाभीय अंतर छिद्राच्या व्यासाच्या किती पट आहे ते हे आकडे सांगतात. आकडा निम्मा झाला की छिद्राचा व्यास दुप्पट होतो, क्षेत्रफळ चौपट आणि प्रकाशही चौपट. म्हणून १.४ आकड्याचे महाग भिंग २.८ च्या भिंगापेक्षा चौपट प्रकाश आत घेते. किमतीचा मोठा भाग या रुंद काचेचा, आणि तिच्या कडेलाही चित्र रेखीव ठेवण्यासाठी केलेल्या कारागिरीचा असतो. पण हीच चौपट भरपाई झडप चौपट वेळ उघडी ठेवूनही होते. ती फुकट मिळते. अट एकच, समोरची वस्तू हलता कामा नये.

अगदी टोकाचे उदाहरण घेऊ. पत्र्याच्या डब्याला सुईने ०.४ मिलिमीटरचे छिद्र पाडले आणि कागद त्यापासून १०० मिलिमीटरवर ठेवला, तर या भिंगहीन कॅमेऱ्याचा आकडा येतो २५०. आठच्या आकड्याशी तुलना केली तर प्रकाश सुमारे हजारपट कमी. भिंगाच्या कॅमेऱ्याला जिथे सेकंदाचा शंभरावा भाग पुरतो, तिथे या डब्याला तेवढ्याच संवेदनशील कागदावर दहा सेकंद लागतील. शाळेच्या इमारतीला दहा सेकंद उभे राहण्यात अडचण नाही. मैदानावर धावणारी मुले मात्र कागदावरून गायब होतील. दिवसभरात काही सेंटिमीटर वाढणारे रोप इमारतीच्या वर्गातले, मुलांच्या नव्हे. फाळक्यांनी आपल्या कॅमेऱ्याला झेपेल असा विषय निवडला होता, आणि माझ्या मते त्यांचे पहिले कौशल्य हेच.

दुसरे कौशल्य हातात होते. तेव्हाचे चित्रपट कॅमेरे हँडलने चालत. बहुतेक कॅमेऱ्यांत एका फेऱ्यात आठ चित्रे, म्हणून सेकंदाला दोन फेरे. झडप या हँडललाच जोडलेली, त्यामुळे हात मंदावला की झडप जास्त वेळ उघडी राहते. सोळाऐवजी बाराचा वेग पडला तर प्रत्येक चित्राला एकतृतीयांश प्रकाश अधिक मिळतो आणि पडद्यावर उजेड लुकलुकतो. त्यासाठी कॅमेरा चालवणारे मनात ताल धरून हँडल फिरवत. असा ताल कोणत्याही दुकानात मिळत नसे.

तिसरी गोष्ट फिल्मची. कोऱ्या फिल्मला कडेची छिद्रे नव्हती. ती घरीच अंधाऱ्या खोलीत पाडावी लागत, आणि हे काम सरस्वतीबाई फाळके व घरची मंडळी करत. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३७०० फूट लांबीचा. एका फुटात १६ चित्रे, प्रत्येक चित्राला दोन्ही बाजूंना चार-चार छिद्रे. गुणाकार केला तर एका प्रतीलाच ४,७३,६०० छिद्रे येतात. (सेकंदाला १६ चित्रे आणि फुटालाही १६, म्हणजे एक फूट फिल्म एक सेकंद चाले. चित्रपट तासाभराचा होता हे लगेच कळते.) अडीच सेंटिमीटरचे चित्र पाच मीटरच्या पडद्यावर २०० पट मोठे होते. छिद्र ०.१ मिलिमीटरने सरकले तर पडद्यावरचा राजा दोन सेंटिमीटरने उडी मारणार. इथे कॅमेऱ्याचा काही इलाज चालत नाही.

शिवाय त्या काळची नेहमीची फिल्म लाल रंगाला आंधळी होती. लाल वस्तू काळी उमटे, निळे आकाश पांढरे पडे. याचा एक फायदा असा की फिल्म लाल दिव्याच्या उजेडात, डोळ्यांनी पाहत धुता येई. कोणता रंग करडा होऊन कसा उमटेल याचा अंदाज फाळक्यांना होता, कारण मागे वीस वर्षे होती. जे. जे. कलाशाळेतले चित्रकलेचे शिक्षण, प्रा. गज्जरांच्या बडोद्याच्या कलाभवनातले छायाचित्रण, रतलामला शिकलेले तीन रंगांचे ठसे, मग शिळाछापाचा धंदा. कॅमेरा नवा होता, पण प्रकाश आणि रसायने जुन्या ओळखीची होती.

म्हणजे उपकरण गौण ठरले का? तसे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. साडेसातशे रुपये ही तेव्हा लहान रक्कम नव्हती. प्रत्येक चित्र आधीच्या चित्राच्याच जागी थांबवणारी कॅमेऱ्यातली यंत्रणा नसती, तर कितीही कुशल हाताने चित्रपट निघाला नसता. आजही उडता पक्षी, रात्रीचा फुटबॉल किंवा अंधूक आकाशगंगा टिपायची तर रुंद भिंग आणि चांगला संवेदक लागतोच. वस्तू हलत असताना वेळ उसना घेता येत नाही, तिथे पैसे मोजावे लागतात. ‘सगळे कौशल्यच’ असे सांगणारे बहुधा स्थिर वस्तूंचे फोटो काढणारे असतात.

उलट बाजूही हिंदमातालाच दिसते. पावसाळ्यात पाणी तुंबण्यासाठी हा सखल चौक वर्षानुवर्षे प्रसिद्ध आहे आणि त्याचे असंख्य फोटो छापून आले आहेत. त्यातले बहुतेक पाणी मोजायच्या कामाचे नाहीत, कारण वेळ नोंदलेली नसते आणि प्रत्येकाची जागा वेगळी असते. कोणी एकाच जागेवरून, उंची माहीत असलेला दुभाजक चौकटीत धरून, दर पंधरा मिनिटांनी साध्या फोनने फोटो घेतले, तर पाणी किती वेगाने चढले आणि उतरले याचा आलेख काढता येईल.

वर्गात अंकुराची वाढ टिपायची तर भिजवलेले मूग घ्यावेत, ते वाटाण्यापेक्षा लवकर वाढतात. दर अर्ध्या तासाला एक फोटो घेतला तर पाच दिवसांत २४० होतील, आणि सेकंदाला १६ च्या वेगाने १५ सेकंदांची फीत. रात्री कोणी थांबणार नसेल तर फोनमधली ठरावीक वेळाने आपोआप फोटो घेण्याची सोय वापरावी. खिडकीचा उजेड दिवसभर बदलतो, म्हणून पडदा ओढून एकच दिवा सतत चालू ठेवावा. दिवा शक्यतो वरून असावा, बाजूला असेल तर रोपे तिकडे झुकतील. (झुकलेली हवी असतील तर तोच वेगळा प्रयोग.) फोन आपण होऊन उजेड आणि फोकस बदलतो, ते दोन्ही आधीच पक्के करून ठेवावेत. फोन विटांच्या चळतीवर टेकवला तरी चालेल. मात्र विटांभोवती आणि कुंडीभोवती फरशीवर खडूने रेघ मारावी, कारण झाडलोट करताना दोन्ही सरकतातच.