यादीतील नाव आणि हातातील ओळखपत्र

मतदान केंद्राच्या दारात एक तक्रार हमखास ऐकू येते : 'माझ्याजवळ कार्ड आहे, मग मत का देऊ देत नाहीत?' तक्रार मनापासूनची असते. पण तिच्या मुळाशी दोन निराळ्या गोष्टींची गल्लत असते. मत देता येते ते मतदारयादीतील नावामुळे. ओळखपत्र एवढेच सांगते की, ते नाव समोर उभ्या असलेल्या माणसाचेच आहे.

दीपनगरसारख्या वसाहतीत हा भेद विशेष ध्यानात ठेवावा लागतो. भुसावळजवळच्या औष्णिक वीज केंद्राभोवती ही वस्ती वाढली. येथे माणूस नोकरीने येतो आणि बदलीने जातो. वडिलोपार्जित घर धुळ्याकडे, बिऱ्हाड येथे. मग नाव कोठे असावे? १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो की, आपण सर्वसाधारणपणे जेथे राहतो तेथे. गावी घर मालकीचे आहे, एवढ्याने तेथील रहिवास सिद्ध होत नाही. तसेच चार दिवस परगावी गेल्याने येथला रहिवास तुटतही नाही. मात्र नाव एकाच ठिकाणी असावे लागते.

प्रथमच नोंदणी करणाऱ्याने नमुना ६ भरावा. पूर्वी वयाची १८ वर्षे १ जानेवारीस पूर्ण असावी लागत. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर हे दिवसही धरले जातात. वयासाठी जन्मदाखला, दहावीचे प्रमाणपत्र किंवा आधार, आणि पत्त्यासाठी वीजबिल, बँकेचे पासबुक किंवा आधार असे कागद चालतात. बदली होऊन आलेल्याने नमुना ८ भरून नाव येथे आणावे. उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. म्हणून हे काम आधीच उरकावे.

आता मतदानाचा दिवस. छायाचित्रासह मतदार ओळखपत्र देण्याचा निर्णय निवडणूक आयोगाने १९९३ साली घेतला. ते कार्ड घरी राहिले, तरी लोकसभा-विधानसभेच्या निवडणुकीत आधार, पॅन कार्ड, वाहन परवाना, पासपोर्ट, छायाचित्र असलेले बँकेचे किंवा पोस्टाचे पासबुक, सरकारी अथवा सार्वजनिक उपक्रमाचे छायाचित्रासह सेवा ओळखपत्र यांपैकी एक दाखवता येते. घरी आलेली मतदार चिठ्ठी मात्र २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून एकटी पुरत नाही. आणि आपल्या नावावर कोणी आधीच मत देऊन गेला असेल, तर निमूटपणे परतू नये. केंद्राध्यक्षांच्या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे देऊन आपली ओळख पटवल्यास प्रदत्त मतपत्रिका मिळते. ती वेगळी ठेवली जाते.

नावाचे मोल किती, हे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीने दाखवून दिले. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीसाठी याद्या होत असताना अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' एवढेच सांगितले. अशा सुमारे २८ लाख नोंदी आयोगाला वगळाव्या लागल्या. त्या स्त्रिया गावाला परक्या नव्हत्या. सारे गाव त्यांना ओळखत होते. पण यादीत स्वतःचे नाव नव्हते, म्हणून मत गेले.

आज कार्ड प्रत्येकाच्या खिशात आहे. म्हणूनच यादी पाहण्याचा आळस होतो. तेव्हा आपण कार्ड जपावेच. पण त्याआधी यादी उघडून घरातील प्रत्येकाचे, विशेषतः नव्या सुनेचे आणि नुकत्याच अठरा वर्षांच्या झालेल्या मुलामुलींचे नाव तीत आहे ना, हे पाहावे.