‘पाचपट चांगलं’ मांस: पण कशाच्या पाचपट?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी सेमिनारमध्ये मी एक स्लाइड दाखवली होती: ‘कुरणावर चरलेल्या जनावराचं मांस पाचपट चांगलं.’ गाइडनी एकच प्रश्न विचारला, “कशाच्या पाचपट? मिलिग्रॅममध्ये सांग.” मला सांगता आलं नाही. आज तोच प्रश्न आपण मिळून सोडवू, कारण पेपर वाचायला लागलात की तो तुम्हालाही पडणार आहे.

आधी मूळ मुद्दा. हिरव्या गवतात स्निग्धांश थोडाच असतो, पण त्यातला मोठा वाटा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे ओमेगा-३ गटातल्या मेदाम्लाचा असतो. मक्यासारख्या धान्यात ओमेगा-६ गटातलं लिनोलेइक आम्ल जास्त. गाय किंवा मेंढी जे खाते ते पोटाच्या पहिल्या कप्प्यात जातं आणि तिथले सूक्ष्मजीव या मेदाम्लांचा बराचसा भाग संपृक्त करून टाकतात. त्यातून जे वाचतं ते मांसात उतरतं. म्हणजे चारा बदलला की मांस बदलतं हे खरं, पण वाटतं तितकं नाही.

आता माझा ‘पाचपट’ कुठून आला ते बघा. २०१० मध्ये ‘न्यूट्रिशन जर्नल’मध्ये गोमांसावरच्या अशा तुलनांचा आढावा प्रसिद्ध झाला. ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचं सरासरी गुणोत्तर गवतावरच्या जनावरांत १.५३, तर धान्यावरच्या जनावरांत ७.६५ होतं. भागाकार केला की ५ येतात. आकडा बरोबर होता, माझं वाक्य चुकीचं होतं. गुणोत्तर पाचपट सुधारलं म्हणजे मांस पाचपट चांगलं झालं असं नाही. गुणोत्तरावरून प्रमाण कळत नाही. कमी चरबीच्या १०० ग्रॅम गोमांसात हे अल्फा-लिनोलेनिक आम्ल वीस-तीस-पन्नास मिलिग्रॅमच्या घरातलं असतं. एक चमचा जवसात ते ५०० मिलिग्रॅमच्या वर जातं. आजीची जवसाची चटणी इथे सहज जिंकते!

पुढची पायरी: मांसात फरक पडला, तर खाणाऱ्यात पडतो का? उत्तर आयर्लंडमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये याचा प्रयोग प्रसिद्ध केला. ४० निरोगी माणसांनी ४ आठवडे गोमांस आणि कोकराचं मांस खाल्लं, काहींनी गवतावरच्या जनावरांचं, काहींनी खुराकावरच्या. गवताच्या गटात रक्तातलं ओमेगा-३ वाढलं. पण कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. आणि हृदयविकाराचा धोका कमी होतो की नाही, हे ४ आठवड्यांच्या प्रयोगातून ठरवताच येत नाही.

साखळी लक्षात आली ना? गवत, मांस, रक्त, आरोग्य. पहिल्या दोन कड्या पक्क्या आहेत, तिसरीला थोडा आधार आहे, चौथी अजून कच्ची. माझ्या स्लाइडने पहिल्या कडीवरून थेट चौथीवर उडी मारली होती.

आणखी एक सापळा व्याख्येचा. ‘गवतावर वाढवलेलं’ म्हणजे नक्की काय? अमेरिकेच्या कृषी खात्याने यासाठी केलेलं स्वतःचं विपणन-मानक २०१६ मध्ये मागे घेतलं. आपल्याकडे तर तुलनाच वेगळी आहे. तिकडच्या बऱ्याच अभ्यासांत दुसऱ्या बाजूला धान्यावर पोसलेली जनावरं असतात. आपल्याकडच्या शेळ्या-मेंढ्या मोठ्या प्रमाणावर चरूनच वाढतात. बंदिस्त शेळीपालनातही हिरवा चारा असतोच. मग तिकडचा आकडा इथल्या मटणाला जसाच्या तसा कसा लावणार?

याचा अर्थ चराऊ जनावरांच्या मांसाला फायदेच नाहीत असा नाही. ते फक्त मेदाम्लांच्या तक्त्यात शोधू नका. जनावराला हिंडता येतं, स्वतःच्या मनाने चरता येतं, ही त्याच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. धनगरांचे कळप सुगीनंतर शेतात बसवले जातात तेव्हा माणसाला न पचणारं धसकट आणि पाला खाऊन मेंढ्या लेंडीखत देतात, आणि शेतकरी मेंढपाळाला धान्य किंवा पैसे देतो. पण दुसरी बाजूही वहीत लिहा: गवतावर गुरं सावकाश वाढतात, त्यामुळे किलोमागे मिथेन सहसा जास्त निघतो. आणि मोकळं चरलं म्हणून बाजारापर्यंतची वाहतूक आणि शेवट आपोआप दयेचा होत नाही.

त्या सेमिनारनंतर आईने विचारलं होतं, “मग चरणाऱ्या बकऱ्याचं मटण जास्त पैसे देऊन घ्यायचं का?” मी म्हटलं, “जनावरासाठी आणि मेंढपाळासाठी परवडत असेल तर जरूर घे. ओमेगा-३ साठी म्हणशील, तर जवस आण.”

आता तुमची पाळी. आज एखादा पेपर उघडा आणि तीन प्रश्न विचारा: कशाच्या तुलनेत? नेमकं किती? आणि मोजलं ते साखळीतल्या कुठल्या कडीवर? गाइडनी विचारायच्या आत उत्तर तयार असलेलं बरं.