उघडे दार, उंच उंबरठा

शिरूर आणि दौंड तालुक्यांत भीमा व घोड नद्यांच्या काठी, तसेच विहिरींवर, शेतीच्या मोटारींसाठी भिंतीवर एक पेटी बसवलेली असते. तिला सर्वजण स्टार्टर म्हणतात. तिच्यावर मोटार सुरू करण्याचे हिरवे बटन, बंद करण्याचे लाल बटन आणि बहुधा तीन फेज दाखविणारे तीन दिवे असतात. पेटीच्या आत काय आहे, हे मोटार चालविणाऱ्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. त्याच्या दृष्टीने ती दोन बटने आणि ते तीन दिवे हेच यंत्र होय. माणूस आणि यंत्र यांची जेथे गाठ पडते, त्या जागेला तंत्रज्ञानाच्या परिभाषेत इंटरफेस म्हणतात. ती जागा सामान्य माणसाला कितपत सहज उमगते, यावर यंत्राची वापरसुलभता ठरते.

चांगल्या इंटरफेसपाशी माणसाला तीन प्रश्नांची उत्तरे कोणाला न विचारता मिळाली पाहिजेत. येथे मी काय करू शकतो? मी जे केले त्याचे काय झाले? आणि चूक झाली तर मागे कसे फिरावे? स्टार्टर या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देतो. फेज नसेल तर दिवा विझलेला दिसतो, मोटार लागली की तिचा आवाज येतो, आणि काही बिघडले तर लाल बटन हाताशी असते. पुण्यातील संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेल्या ‘नॅनो गणेश’ या उपकरणाने हीच सोय शेतकऱ्याच्या मोबाइलपर्यंत नेली. रात्रपाळीची वीज आणि उसात दडलेला बिबट्या ज्या गावांनी अनुभवला आहे, त्यांना घरी बसून मोटार लावता येण्याचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

वापरसुलभतेचे आपल्या देशातील सर्वांत मोठे उदाहरण मात्र मतदान केंद्रात सापडते. संविधानाच्या ३२६व्या कलमाने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मताधिकार दिला, तेव्हा बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हते. हक्क तर मिळाला, परंतु तो बजावायचा कसा? १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी निवडणूक चिन्ह चिकटविलेली स्वतंत्र मतपेटी ठेवून या प्रश्नाचे उत्तर देण्यात आले. अक्षर न ओळखणारी स्त्रीही चित्र ओळखू शकत होती. पुढे मतदान यंत्र आले. त्याच्या बाह्य रचनेत मुंबईच्या आय.आय.टी.मधील औद्योगिक अभिकल्प केंद्राचे प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांचा सहभाग होता. १९८२मध्ये केरळातील परूर येथे या यंत्राचा प्रथम वापर झाला आणि २००४च्या लोकसभा निवडणुकीत ते देशभर वापरले गेले.

आज शिरूर लोकसभा मतदारसंघात मत देणारा शिरूरकर असो की बारामती मतदारसंघात मत देणारा दौंडकर, त्याच्यासमोर नाव, चिन्ह आणि निळे बटन एका ओळीत येते. बटन दाबताच चिन्हाशेजारी लाल दिवा लागतो, लांब शिटी ऐकू येते आणि शेजारच्या यंत्राच्या काचेमागे कागदी चिठ्ठी सात सेकंद दिसते. डोळ्यांना दिवा, कानांना शिटी आणि दृष्टिहीन मतदाराच्या बोटांना ब्रेल अंक अशी ही योजना आहे. या यंत्रासंबंधी इतर कितीही वाद असोत, मतदाराला त्यासाठी प्रशिक्षणवर्गात बसावे लागत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला डोळ्यांसमोर ठेवून ते आखले गेले, म्हणूनच ते सर्वांना वापरता येते.

या पार्श्वभूमीवर संगणकाच्या जगातील एका थोर विचाराकडे पाहावे लागते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. संगणकप्रणाली कोणालाही वापरता यावी, तिची आंतररचना पाहता यावी, ती बदलता यावी आणि इतरांना देता यावी, हे त्यामागचे सूत्र होय. १९९१मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. आज आपल्या हातातील अँड्रॉइड मोबाइलही त्याच गाभ्यावर उभा आहे. ज्ञान कोणा एका वर्गाच्या कुलपात बंद नसावे, ही भूमिका आपल्याला परकी नाही. साधनांची चणचण असलेल्या वसतिगृहयुक्त शाळांना तर या मुक्त प्रणाली वरदान ठरू शकतात, कारण त्यांचा परवाना विकत घ्यावा लागत नाही आणि जुन्या संगणकांवरही त्यांपैकी अनेक चालतात.

तरीही अनेक मुक्त प्रणाली नवख्याला दुर्बोध वाटतात. याचे मूळ त्या घडविण्याच्या पद्धतीत आहे. अशी प्रणाली पुष्कळदा स्वतःची गरज भागविण्यासाठी लिहिली जाते. लिहिणारा जाणकार असतो, तिची पारख करणारे त्याचे सहकारीही जाणकार असतात. ज्याला ती जमत नाही तो त्या चर्चेत नसतो, आणि जो चर्चेत नाही त्याची अडचण कोणाला दिसत नाही. मग एकेका सोयीमागे दहा पर्याय वाढत जातात आणि नवख्याला त्या पर्यायांच्या गर्दीत वाट सापडत नाही.

ही उणीव मुक्त प्रणालींच्या कार्यकर्त्यांनीच ओळखली. २००१मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ग्नोम या मुक्त कार्यपटलाची चाचणी घेतली. वापरणाऱ्यांना नेहमीची कामे देऊन ते कोठे अडखळतात, हे पाहण्यात आले. २००२मध्ये ग्नोमची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा इंटरफेस कसा असावा याचे लेखी नियम तयार झाले होते आणि अनावश्यक पर्याय कमी करण्यात आले होते. यावर वादही झाला. स्वतः टोरवाल्ड्स यांनी २००५मध्ये, वापरणाऱ्याला अडाणी समजून पर्याय काढून घेतले जात आहेत, असा आक्षेप घेतला. तो सर्वस्वी निराधार नव्हता. सुलभता म्हणजे सामर्थ्य काढून घेणे नव्हे. रोजचे काम समोर ठेवावे आणि क्वचित लागणारे एक पायरी आत ठेवावे, एवढाच तिचा अर्थ आहे.

मोकळीक आणि सुलभता यांतील हे अंतर आपल्या इतिहासाच्या आधारे अधिक स्पष्ट होईल. रावबहादूर सी. के. बोले यांच्या १९२३च्या ठरावाने मुंबई इलाख्यातील सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनेही त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे उघडे होते, परंतु ओंजळ कोरडीच राहिली. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यापर्यंत चालत गेले, तेव्हा त्या ठरावात प्राण आला. जातीच्या अन्यायाची आणि संगणकाच्या अडचणीची तुलना होऊ शकत नाही, हे उघड आहे. तथापि एक बोध दोहोंना लागू पडतो. ‘सर्वांसाठी खुले’ असे लिहिल्याने एखादी गोष्ट सर्वांची होत नाही. दार उघडे असून उंबरठा उंच असेल, तर आत जाणारे नेहमीचेच राहतात.

बाजारातील तंत्रज्ञान या बाबतीत निर्दोष आहे, असेही नाही. तेथे खरेदीचे बटन ठळक असते आणि वर्गणी रद्द करण्याची वाट मात्र शोधूनही सापडत नाही. अशा फसव्या रचनांना इंग्रजीत डार्क पॅटर्न म्हणतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्ये अशा तेरा प्रकारांची यादी देऊन त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. म्हणून एखादे साधन सोपे वाटले, तरी ते कोणाच्या हितासाठी सोपे केले आहे, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारलाच पाहिजे.

आपल्या मुलामुलींसाठी सर्वांत उंच उंबरठा भाषेचा आहे. संगणकावरील मराठीची कहाणी यासाठी समजून घेण्याजोगी आहे. पूर्वी निरनिराळ्या फाँटांमध्ये मराठी अक्षरांच्या आकृत्या रोमन अक्षरांच्या जागी बसविलेल्या असत. तो फाँट नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला की अर्थहीन चिन्हे दिसत. युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला आणि हा घोळ मिटण्याचा मार्ग मोकळा झाला. तरी ‘ॲ’ हे मराठीला हवे असलेले अक्षर युनिकोडमध्ये येण्यास २००८ साल उजाडावे लागले. मराठीची गरज मराठी माणसांनीच मांडावी लागते, हा त्यातील धडा आहे.

टंकलेखनाचेही तसेच आहे. भारतीय लिपींसाठी शासनाने प्रमाणित केलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकात डाव्या हाताला स्वर व मात्रा आणि उजव्या हाताला व्यंजने आहेत. ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबले की ‘ख’ उमटतो, ‘ग’च्या कळीवर ‘घ’. ही मांडणी आपल्या वर्णमालेच्या शास्त्रावर आधारलेली आणि सुंदर आहे. परंतु बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कळफलकांवर केवळ रोमन अक्षरे छापलेली असल्याने ती डोळ्यांना दिसत नाही. परिणामी मूल इंग्रजी अक्षरांच्या आधाराने मराठी लिहू लागते, म्हणजे मातृभाषेत लिहिण्यासाठी त्याला आधी परभाषेची अक्षरे यावी लागतात.

याला एक उत्तर मुंबईच्या त्याच औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. त्यांच्या ‘स्वरचक्र’ या विनामूल्य कळफलकात मोबाइलवर व्यंजनावर बोट ठेवताच त्याभोवती मात्रांचे चक्र उमटते. ‘क’ला स्पर्श केला की का, कि, की, कु अशी बाराखडी समोर येते आणि बोट हव्या त्या दिशेला सरकविले की अक्षर उमटते. पहिलीच्या वर्गात पाठ केलेली बाराखडी हाच येथे इंटरफेस झाला आहे. वापरणाऱ्याला जे आधीपासून ठाऊक आहे तेथून आरंभ करावा, हे सुलभतेचे मर्म यात उतरले आहे.

पडद्यावरील शब्दांनाही हाच नियम लागू आहे. मुक्त प्रणालींचे मराठीकरण स्वयंसेवकांनी मोठ्या कष्टाने केले. वारंवार लागणारे शब्द सर्वत्र एकसारखे असावेत, यासाठी २००८मध्ये ‘फ्युएल’ हा प्रकल्प सुरू झाला आणि त्यात मराठीचाही अंतर्भाव झाला. तरी केवळ शब्दाला शब्द ठेवून काम भागत नाही. समजा, दहावी उत्तीर्ण झालेली एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरीत आहे आणि पडद्यावर ‘अवैध आदान’ असे उमटले. अक्षरे मराठी आहेत, पण तिला काहीच कळले नाही. त्याऐवजी ‘जन्मतारीख आधी दिवस, मग महिना, मग वर्ष अशी भरा’ असे लिहिले असते, तर ती पुढे गेली असती. मुदत संपण्याच्या रात्री या दोन वाक्यांमधील अंतर एका वर्षाच्या शिक्षणाएवढे असू शकते.

त्याहून मोठी हानी मनाची होते. घरातून प्रथमच शिकणारे मूल पडद्यापाशी अडले की ‘मलाच जमत नाही’ असे म्हणते. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात रोजच्या वापरातील वस्तूंची चिकित्सा करून, अशा चुकांचे मूळ बहुधा वस्तूच्या रचनेत असते, असे प्रतिपादन केले. दार ओढावे की ढकलावे हे कळत नसेल, तर दोष दाराचा आहे. हे आपल्या विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबले पाहिजे. ज्यांच्या पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या ‘तुमच्यातच उणे आहे’ असे सांगितले गेले, त्यांच्या लेकरांनी यंत्राकडून तेच पुन्हा ऐकून घेण्याचे कारण नाही.

विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. बुद्धवचने छंदस म्हणजे पंडितांच्या वैदिक भाषेत बांधावीत, असे दोन भिक्खूंनी सुचविले. तथागतांनी ती सूचना नाकारली आणि बुद्धवचन आपापल्या बोलीत शिकण्यास अनुज्ञा दिली, असा त्याचा प्रचलित अर्थ आहे. धम्म श्रेष्ठ असला तरी तो ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचला पाहिजे, याची जबाबदारी त्यांनी ऐकणाऱ्यावर टाकली नाही.

या दृष्टीने आपल्या विद्यालयातही पुष्कळ करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. एखादी मुक्त प्रणाली किंवा अर्जाचा पडदा घ्यावा. तो कधीही न वापरलेल्या एका व्यक्तीला एक नेमके काम द्यावे. मग शेजारी बसून, हात न लावता आणि सुचवणी न करता, ती कोठे थांबते हे वहीत टिपावे. जेकब नील्सन यांनी २०००मध्ये असे मत मांडले की, अशा पाच जणांच्या निरीक्षणातून बहुतेक अडचणी उघड होतात. आपल्या वसतिगृहातील पाच विद्यार्थी किंवा भेटीस आलेले पाच पालक याला पुरेसे आहेत. मुक्त प्रणालीचे वैशिष्ट्य असे की, ही टिपणे तिच्या निर्मात्यांकडे थेट पाठविता येतात, मराठी शब्द सुचविता येतात आणि पुढे शिकल्यावर ती दुरुस्ती स्वतःच्या हातांनीही करता येते. बंदिस्त प्रणालीत हा अधिकार नाही.

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत घरगुती उपकरणे तयार होतात. आपले कित्येक विद्यार्थी उद्या तेथे किंवा पुण्याच्या संगणक कंपन्यांत कामाला लागतील. त्यांनी तेथे जाताना प्रमाणपत्राबरोबर एक प्रश्नही सोबत न्यावा: हे यंत्र माझ्या आजीला, कोणाची मदत न घेता, वापरता येईल का? ज्याने उंबरठ्यावर ठेच खाल्ली आहे, त्यालाच त्याची उंची नेमकी ठाऊक असते. आखणीच्या मेजाशी अशी माणसे बसतील, तेव्हाच उंबरठे खाली येतील.